सहा खाचांचं जिनिव्हा चाक: फ्रीकॅडमधल्या हिशोबापासून हातात फिरणाऱ्या नमुन्यापर्यंत

कॅड, म्हणजे संगणकावर वस्तूंची मॉडेलं काढणं, शिकायला घेतलं की माणूस आधी चावीची कडी, मोबाईल स्टँड, पेन ठेवायचा डबा काढतो आणि हात जरा बसला की थेट आठ सिलिंडरचं इंजिन काढायला घेतो. पडद्यावर ते इंजिन झकास दिसतं. पण त्यातला एकही भाग प्रत्यक्षात बनणार नसतो, त्यामुळे कुठला आकडा चुकला ते कधीच कळत नाही. या दोन्हींच्या मधला प्रकल्प हवा असेल, म्हणजे भाग दोन-तीनच, पण खरोखर फिरणारे आणि आकडा चुकला की अडकणारे, तर जिनिव्हा चाकासारखं दुसरं काही नाही.

यंत्रणा साधी आहे. एक ड्रायव्हर, म्हणजे ढकलणारा भाग, एकसारखा फिरत असतो. त्याच्यावरची पिन शेजारच्या चाकाच्या खाचेत शिरते, चाकाला एक घर पुढे ढकलते आणि बाहेर पडते. पिन पुन्हा येईपर्यंत चाक जागच्या जागी कुलूपबंद. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या प्रोजेक्टरमध्ये हेच चाक असायचं, चार खाचांचं. गावच्या जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये पडद्यामागे नाहीतर यंत्राशेजारी बसून सिनेमा पाहिलेल्यांना तो टकटकाट आठवत असेल. सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे ड्रायव्हरचे सेकंदाला २४ फेरे. चाकाच्या दांड्यावर १६ दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे फिल्म ओढणारं दातेरी चाक. पाव फेऱ्याला चार दात, चार दातांना फिल्मची चार छिद्रं, म्हणजे बरोबर एक चित्र. फिल्म सरकायला वेळ मिळायचा सेकंदाचा ९६ वा भाग, आणि तेवढ्यात शटर प्रकाश अडवायचं.

आपण सहा खाचांचं चाक करू. का, ते आकड्यांतच दिसेल.

कागद-पेन्सिल आधी

ठरवायचे आकडे मोजून पाच: खाचा ६, क्रँकची त्रिज्या म्हणजे ड्रायव्हरच्या केंद्रापासून पिनच्या केंद्रापर्यंतचं अंतर २५ मिमी, पिनचा व्यास ६ मिमी, खाचेतली मोकळीक ०.४ मिमी आणि कुलपातली फट ०.३ मिमी. बाकी सगळं यांतून निघतं.

पहिली अट सगळ्यात महत्त्वाची. पिन खाचेत शिरताना खाचेच्या रेषेतच सरकली पाहिजे, खाचेच्या भिंतीवर आदळता कामा नये. म्हणजे त्या क्षणी क्रँक आणि खाच एकमेकांशी काटकोनात हवेत. दोन केंद्रं आणि पिन यांचा काटकोन त्रिकोण काढा, की सूत्रं पाठ करावी लागत नाहीत:

मध्यांतर (दोन केंद्रांमधलं अंतर) = क्रँक ÷ साइन (१८० ÷ खाचा) = २५ ÷ ०.५ = ५० मिमी
चाकाची त्रिज्या = मध्यांतर × कोसाइन (१८० ÷ खाचा) = ४३.३ मिमी

खाच किती खोल? पिन सगळ्यात आत पोचते तेव्हा ती दोन केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवर असते, म्हणजे चाकाच्या केंद्रापासून ५० वजा २५, २५ मिमीवर. तिथेच खाच संपवली तर खाचेच्या तळाशी पिनला श्वास घ्यायला जागा नाही. १ मिमी जास्त आत जाऊ आणि खाचेच्या गोल टोकाचं केंद्र २४ मिमीवर ठेवू. रुंदी पिन अधिक मोकळीक, ६.४ मिमी.

आता कुलूप. चाकाच्या दोन खाचांच्या मधोमध एक आत कोरलेली कमान असते आणि ड्रायव्हरची गोल चकती त्या कमानीत घासत फिरते. म्हणून चाक हलत नाही. कमानीची त्रिज्या प्रचलित पद्धतीनुसार क्रँक वजा पिनच्या दीडपट: २५ − ९ = १६ मिमी. हे दीडपट कुठून आलं? खाच आणि कमान यांच्यामध्ये चाकाचं जे शिंग उरतं त्याची टोकाशी जाडी मोजा: २५ मधून कमानीचे १६ आणि अर्ध्या खाचेचे ३.२ गेले, उरले ५.८ मिमी. म्हणजे शिंग जवळजवळ पिनइतकंच जाड राहतं. ढकलणारा आणि ढकलला जाणारा दोघे सारखेच दणकट, एवढाच त्यामागचा विचार. पिन जाड केली तर शिंगही जाड होतं, पण चकती लहान होते आणि कुलूप ढिलं पडतं.

चकतीची त्रिज्या कमानीपेक्षा फटीइतकी कमी, १५.७ मिमी. बऱ्याच ठिकाणी खाचेतली मोकळीक आणि ही फट यांना एकच आकडा वापरलेला दिसतो. तसं करू नका. एक मोकळीक व्यासावर मोजली जाते, दुसरी त्रिज्येवर. शिवाय नमुना बनल्यावर दोन्ही वेगवेगळ्या सुधाराव्या लागतात.

शेवटचा तुकडा ड्रायव्हरच्या चकतीतला चंद्रकोरीसारखा काप. पिन खाचेत असताना चाकाची शिंगं चकतीच्या जागेतून जातात, त्यांना वाट हवी. चाकाचं अख्खं वर्तुळ १५.७ ÷ २५ या प्रमाणात लहान करून चकतीवर ठेवायचं: कापाच्या वर्तुळाचं केंद्र ड्रायव्हरच्या केंद्रापासून पिनच्या दिशेला ३१.४ मिमीवर, त्रिज्या २७.२ मिमी. असं केलं की चकतीची कड पिनच्या दोन्ही बाजूंना बरोबर ६० अंशांवर संपते, म्हणजे पिन आत शिरते त्याच क्षणी कुलूप सुटतं. हा काप ड्रायव्हरच्या केंद्रापासून ४.२ मिमीपर्यंत आत येतो, तेव्हा तिथे ५ मिमीपेक्षा जाड शाफ्टचा विचार सोडा.

प्रोग्रॅम कुठला

मी फ्रीकॅड धरून लिहितोय. फुकट आहे, मुक्त आहे, फायली आपल्याच संगणकावर राहतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून त्यात असेंब्लीसाठी, म्हणजे भाग जोडून पाहायला, स्वतःचं वर्कबेंच (साधनांचा संच) आहे, आणि आधीच्या खोड्याही पुष्कळ कमी झाल्यात. ऑटोडेस्क फ्यूजन या दुसऱ्या कॅड प्रोग्रॅमच्या वैयक्तिक वापराच्या आवृत्तीत एका वेळी दहाच फायली संपादनासाठी खुल्या ठेवता येतात. ऑनशेप या तिसऱ्या प्रोग्रॅमच्या मोफत खात्यातलं काम सगळ्या जगाला दिसतं. ज्याला त्याची हरकत नाही त्याने तेही वापरावं, पुढच्या पायऱ्या तिथेही जवळपास याच आहेत.

पायरी १: स्प्रेडशीट

स्केच नंतर. आधी स्प्रेडशीट वर्कबेंच उघडा आणि वरचे पाच आकडे पाच घरांत लिहा, लांबी असेल तिथे मिमी एककासकट. खाचांच्या संख्येला एकक नाही. प्रत्येक घराला टोपणनाव द्या, पण एका अक्षराचं नको. इंग्रजीतली कित्येक सुटी अक्षरं एककांसाठी राखीव आहेत, उदाहरणार्थ एस म्हणजे सेकंद, आणि तसं नाव फ्रीकॅड स्वीकारत नाही. क्रँक, पिन, खाचसंख्या, असे पूर्ण शब्द इंग्रजी लिपीत लिहा. मग खालच्या घरांत मध्यांतर, चाकाची त्रिज्या, खाचेचं टोक, कमान, चकती, कापाचं अंतर, कापाची त्रिज्या ही सूत्रं. साइनच्या कंसात १८० नंतर डिग्री लिहिलं की गोंधळ उरत नाही. घरांत ५०, ४३.३०, २४, १६, १५.७, ३१.४, २७.१९ हे आकडे दिसले तरच पुढे चला.

पायरी २: चाक

पार्ट डिझाइन वर्कबेंचमध्ये नवीन बॉडी, आडव्या पायाभूत प्रतलावर स्केच. केंद्र मूळ बिंदूवर ठेवून वर्तुळ. त्रिज्येच्या खिडकीत आकडा न टाकता सूत्राच्या निळ्या खुणेवर टिचकी मारून स्प्रेडशीटमधलं नाव द्या. मग पॅड, म्हणजे स्केचला जाडी, ६ मिमी.

दुसरं स्केच खाचेचं. तेही त्याच पायाभूत प्रतलावर काढा, चाकाच्या वरच्या पृष्ठभागावर नको. पृष्ठभागाला चिकटवलेलं स्केच आधीच्या टप्प्यात बदल केला की कधी कधी भलतीकडे जाऊन बसतं. १.० मध्ये हा त्रास बराच आवरलाय, तरी सवय चांगली. खाच आडव्या अक्षावर: आतल्या टोकाचं केंद्र मूळ बिंदूपासून २४ मिमीवर, रुंदी ६.४, आणि बाहेरचं टोक चाकाच्या कडेच्या खुशाल दहा मिमी पलीकडे. तेही एका आकड्याने बांधा, मोकळं सोडू नका. सगळे कन्स्ट्रेंट (माप-जागेची बंधनं) पुरे झाले की स्केच हिरवं होतं. हिरवं होईपर्यंत खिडकी बंद करायची नाही, हा नियम या प्रकल्पापुरता तरी पाळा. मग पॉकेट, म्हणजे स्केचच्या आकाराचा काप, आरपार.

तिसरं स्केच कमानीचं. मूळ बिंदूपासून एक बांधणीरेषा, आडव्या अक्षाशी १८० भागिले खाचसंख्या म्हणजे ३० अंशांवर, लांबी मध्यांतराइतकी. तिच्या टोकावर १६ मिमी त्रिज्येचं वर्तुळ. पुन्हा आरपार पॉकेट. हे वर्तुळ चाकाला जेमतेम चाटल्यासारखं दिसतं आणि नवख्याला वाटतं काहीतरी चुकलं. चुकलेलं नाही: चाकाच्या ४३.३ पैकी ३४ मिमीपर्यंत कमान आत जाते, एवढंच तिचं काम.

दोन्ही पॉकेट एकत्र निवडून एकच पोलर पॅटर्न (केंद्राभोवती गोलाकार नकला) घ्या. ३६० अंश, संख्या स्प्रेडशीटमधून. चाक तयार. मधलं भोक ६०८ बेअरिंगसाठी: ८ आतला व्यास, २२ बाहेरचा, जाडी ७ मिमी. स्केटिंगच्या चाकात हेच असतं, त्यामुळे कुठेही मिळतं. चाक ६ मिमीचं असल्याने बेअरिंग १ मिमी बाहेर डोकावतं. तेवढाच बॉस (उंचवटा) मागच्या बाजूला काढा. २२ मिमीचं भोक आणि खाचेचा तळ यांच्यामध्ये ९.८ मिमी माल उरतो, भरपूर झाला.

पायरी ३: ड्रायव्हर

ड्रायव्हर दोन थरांचा. खालची थाळी ३२ मिमी त्रिज्येची, ४ मिमी जाड. ती चाकाच्या खालून फिरते आणि पिन धरते. वरची चकती १५.७ त्रिज्येची, ६ मिमी, चाकाच्या पातळीत; तिच्यातून चंद्रकोरीचा काप. काप फक्त वरच्या थरातून घ्या, आरपार घेतलात तर पिनची थाळीच कापली जाईल. चाक आणि थाळी यांच्यामध्ये अर्धा मिलिमीटर हवा ठेवा, म्हणजे चकतीची उंची प्रत्यक्षात ६.५ मिमी.

बाकीचे भाग थ्रीडी प्रिंटरवर छापायचे, पण पिन प्रिंट करू नका. उभी छापलेली ६ मिमीची प्लॅस्टिकची काडी थरांच्या जोडावर पटकन तुटते. बोल्टही नको, त्याचे आटे खाचेची भिंत खरवडतात. अचूक मापाची गुळगुळीत पोलादी डॉवेल पिन मिळते, पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवीला. तिचा व्यास ६.००४ ते ६.०१२ मिमीच्या दरम्यान असतो, म्हणजे आपल्या छपाईपेक्षा कितीतरी अचूक. थाळीत तिच्यासाठी भोक चापून बसेल असं, खाच मोकळी.

पायरी ४: पडद्यावर फिरवून पाहणं

इथे बरेच जण फसतात. असेंब्लीत चाक आणि ड्रायव्हर दोघांना फिरते सांधे दिले, तरी ड्रायव्हर फिरवल्यावर पिन चाकाला ढकलत नाही. ती सरळ त्याच्या आरपार जाते. हे सांधे जोडणी सांभाळतात, भागांची टक्कर ओळखत नाहीत. मग चाकाचा कोन आपणच सूत्राने द्यायचा. पिन दोन केंद्रांच्या रेषेवर असताना ड्रायव्हरचा कोन शून्य मानला, तर पिन खाचेत असेपर्यंत:

चाकाचा कोन = आर्कटॅन ( क्रँक × साइन कोन ÷ ( मध्यांतर − क्रँक × कोसाइन कोन ) )

६० अंश घातले की बरोबर ३० येतात. ४५ ला २८.७, ३० ला २३.८, १५ ला १४. म्हणजे पिन शिरल्यावरच्या पहिल्या १५ अंशांत चाक सव्वा अंशच हलतं, आणि मधल्या १५ अंशांत १४ अंश. सुरुवात हळू, मध्ये वेग, शेवट हळू. अगदी मध्यावर चाकाचा वेग क्रँक ÷ (मध्यांतर − क्रँक) पट, आपल्या बाबतीत १ पट. चार खाचांच्या चाकात हाच आकडा २.४ पट होतो. प्लॅस्टिकच्या नमुन्याला सहा खाचा का, त्याचं उत्तर हे. खाचा वाढवल्या की धक्का कमी, पण थांबण्याचा वेळही कमी: चार खाचांत ड्रायव्हरच्या फेऱ्यातले २७० अंश चाक थांबतं, सहांत २४०.

आता ड्रायव्हर ६०, ४५, ३० आणि ० अंशांवर ठेवा, चाक त्या त्या कोनावर, आणि दर वेळी पार्ट वर्कबेंचमधलं कॉमन हे साधन दोन्ही घनांवर चालवा. दोघांचा सामाईक भाग काहीच निघाला नाही तर भाग मोकळे आहेत. नखभर तुकडा निघाला तर तो कुठे आहे त्यावरून चूक सापडते: चंद्रकोरीच्या टोकाशी असेल तर कापाचं केंद्र चुकलंय, खाचेच्या तळाशी असेल तर खोली. डोळ्यांनी बघून ही गोष्ट कळत नाही, कितीही झूम करा.

मॉडेल खरोखर बांधलं गेलंय का, त्याची परीक्षा इथेच घ्या. स्प्रेडशीटमध्ये ६ च्या जागी ४ लिहा. चाक आपोआप चार खाचांचं व्हायला हवं. ते होईलही, पण बेअरिंगचं भोक खाचांत मिसळेल, कारण मध्यांतर ३५.४ वर येतं आणि पिन चाकाच्या केंद्रापासून १०.४ मिमीपर्यंत पोचते. २२ चं बेअरिंग हवंच असेल तर चार खाचांना क्रँक ४५ च्या घरात न्यावा लागतो. कागदावर हे लक्षात यायला वेळ गेला असता.

पायरी ५: छपाईआधी एक पट्टी

आख्खं चाक छापण्याआधी ४ मिमी जाडीची छोटी पट्टी छापा, तिच्यात ६.२, ६.३, ६.४, ६.५ अशा खाचा आणि तेवढ्याच व्यासांची भोकं. पोलादी पिन प्रत्येकीतून फिरवून बघा. प्रिंटरवर आतली भोकं ठरवल्यापेक्षा बारीक येतात, किती ते यंत्रागणिक आणि फिलॅमेंटागणिक (छपाईच्या प्लॅस्टिकच्या तारेगणिक) वेगळं. पिन स्वतःच्या वजनाने खाली सरकते पण हलवल्यावर खडखडत नाही, ती रुंदी तुमची. तिच्यातून पिनचे ६ वजा करा आणि उरलेला आकडा स्प्रेडशीटमध्ये मोकळिकीच्या घरात टाका. चाक स्वतःला जुळवून घेईल.

चाक आडवं छापा, थर चाकाच्या तोंडाला समांतर. शिंगांवर येणारा रेटा त्याच प्रतलात असतो. बाहेरच्या भिंती किमान चार. पहिला थर दबून बाहेर पसरतो आणि खाच तळाशी अरुंद होते, म्हणून खालच्या कडांना अर्ध्या मिमीची चॅम्फर (तिरपा छाट) द्या. एसटीएल, म्हणजे छपाईसाठीची फाइल, काढताना विचलन ०.०५ मिमी किंवा कमी ठेवा, नाहीतर कमानीचे सपाट तुकडे पडतात आणि चाक कुलपात कुरकुरतं. स्लायसर (छपाईसाठी मॉडेलचे थर पाडणारा प्रोग्रॅम) स्टेप फाइल घेत असेल तर तीच द्या.

प्रिंटर नसेल तर ५ मिमी अ‍ॅक्रिलिक लेझरवर कापून घेता येतं. स्केच डीएक्सएफ या ड्रॉइंगच्या फाइलमध्ये द्यायचं आणि कापणाऱ्याला किरणाची रुंदी आधी विचारायची. तेवढा माल जळून जातो आणि खाच आपोआप रुंद होते. भोसरी, अंबड, गोकुळ शिरगाव किंवा वाळूजकडे कुणी ओळखीचं असेल तर पितळेत वायर-कट (विजेच्या तारेने कापणं) करून घेण्याची मजाच वेगळी, पण मग टेकड्रॉ या फ्रीकॅडच्या ड्रॉइंग वर्कबेंचमध्ये नीट ड्रॉइंग काढा. आपल्याकडे दृश्यं मांडायची फर्स्ट अँगल ही पद्धत चालते, टेकड्रॉच्या सेटिंगमध्ये तेच निवडलंय ना बघा. प्रत्येक मापाला टॉलरन्स (किती फरक चालेल ते) लावत बसू नका, त्याने फक्त बिल वाढतं. खाचेची रुंदी, कमानीची त्रिज्या आणि भोक, या तिघांनाच कडक ठेवा.

पायरी ६: जोडणी आणि आवाज

पाया १० मिमी प्लायवुडचा किंवा छापलेला, ५० मिमी अंतरावर दोन भोकं. चाकाचा शाफ्ट ८, ड्रायव्हरचा ५ मिमी. केंद्रांमधलं अंतर थेट मोजता येत नाही, म्हणून व्हर्नियरने दोन्ही शाफ्टच्या बाहेरच्या कडांमधलं माप घ्या. ते ५६.५ यायला हवं: ५० अधिक दोन्हींच्या त्रिज्या. पाव मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर पाया परत करा. चाक घासून जुळवत बसण्यात अर्थ नाही. खाचांना सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. मिनिटाला ३० फेऱ्यांची गिअर मोटर जोडली की चाक दर दोन सेकंदांना एक घर सरकतं, त्यातला दोन-तृतीयांश सेकंद चालतं, बाकीचा वेळ थांबतं.

पहिल्यांदा मात्र हातानेच फिरवा, आणि ऐका. पिन शिरताना टक् असा आवाज येत असेल तर मध्यांतर चुकलंय. फेऱ्यातून एकदाच, पिन सगळ्यात आत असताना अडकत असेल, तर खाचेचा तळ उथळ आहे. पिन बाहेर असताना चाक हाताने डुगडुगत असेल तर कुलपातली फट जास्त; ०.३ चे ०.२ करा आणि फक्त ड्रायव्हर पुन्हा छापा, चाकाला हात लावायची गरज नाही, कारण कमान १६ चीच राहते. आणि थांबलेल्या अवस्थेत फेऱ्याच्या एका बाजूला जड, दुसऱ्या बाजूला हलकं लागत असेल तर चकतीचं भोक केंद्रात नाही. ते मॉडेलमध्ये शोधू नका. शाफ्ट भोकात तिरका बसलाय का ते आधी पाहा.